तास कोणी मोजायचे?

पायलटला पगार किती हे विचारू नये आणि तास किती हे विचारल्यावाचून सोडू नये, असा आमच्या धंद्यातला शिरस्ता आहे. लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी पायलट शेजारी बसले की नाव-गाव नंतर, आधी ‘टोटल किती?’ भारतात दोनशे तास झाले की व्यावसायिक लायसन्सचा अर्ज करता येतो, पंधराशे झाले की एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटच्या लायसन्सचा. त्यानंतरच्या तासांवर नोकरी, कमांड आणि मान ठरतो. ही सगळी मिळकत एका वहीत असते. तिला लॉगबुक म्हणतात. आडवी, जाड पुठ्ठ्याची, डावीकडून उजवीकडे अरुंद रकान्यांनी भरलेली वही. घराला आग लागली तर पायलट आधी लॉगबुक उचलतो आणि मग बायकोला हाक मारतो, असा विनोद आमच्यात चालतो. आमच्या बायकांना तो विनोद वाटत नाही.

आता ही वही फोनमध्ये गेली आहे. माझी भाची एअरबस उडवते. नवं सॉफ्टवेअर घेतल्यावर तिने सेटिंग्जचं पान माझ्यापुढे धरलं. ‘मामा, यातलं काय चालू ठेवू आणि काय बंद?’ एकूण वेळ आपोआप काढायची का, रात्रीचा वेळ आपोआप भरायचा का, लँडिंग मोजायचं का, विमानतळ ओळखायचा का, इन्स्ट्रुमेंटचा वेळ एकूण वेळेच्या किती टक्के धरायचा. प्रत्येक ओळीपुढे एक खटका. तरुण मुलांना वाटतं ही सोय आहे, बोट लावलं की झालं. मला त्या पानावर आमच्या धंद्याची शंभर वर्षांची भांडणं ओळीने मांडलेली दिसली. वेळ कुठून कुठपर्यंत मोजायचा, कोणाच्या घड्याळाने मोजायचा, रात्र कधी सुरू झाली म्हणायचं, आणि मोजणाऱ्यावर विश्वास कोणी ठेवायचा, यावर माणसं हुज्जत घालत आली आहेत.

ही हुज्जत पहिल्या दिवसापासूनची आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट उडाला तो सुमारे १२ सेकंद. त्याच्या डायरीतली नोंदही अंदाजाचीच आहे, कारण घड्याळ लगेच थांबवलं गेलं नाही, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण विल्बरचं, ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं. माणूस पहिल्यांदा विमानातून उडाला आणि पहिल्याच नोंदीत वेळेबद्दल शंका राहिली. हा प्रामाणिकपणा पुढे सगळ्यांना जमला असता तर लॉगबुकाचा इतिहास फारच छोटा झाला असता.

आपल्याकडे १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे ६,५०० पत्रं नेली. उड्डाण १३ मिनिटांचं. त्या १३ मिनिटांचा हिशोब मागणारं सरकारी खातं तेव्हा नव्हतं. हिशोब मागायला सुरुवात झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ च्या पॅरिस करारात, कलम १९ मध्ये, देशाबाहेर जाणाऱ्या विमानात कोणती कागदपत्रं हवीत याची यादी आहे आणि तिच्यात लॉगबुकं आहेत. कराराच्या ‘सी’ परिशिष्टात त्यांचे प्रकारही सांगितले: प्रवासाची वही वेगळी, विमानाची वेगळी, इंजिनाची वेगळी, संदेशांची वेगळी. वैमानिकांच्या स्वतःच्या वह्या युद्धातच ब्रिटिश फौजेत रूढ झाल्या होत्या. पण देशोदेशींच्या सरकारांनी आधी बोट ठेवलं ते यंत्राच्या वहीवर. इंजिन किती तास चालत आलंय, हे कळल्याशिवाय त्यात बसायची कोणाची छाती नव्हती.

रॉयल एअर फोर्सची वैमानिकाची वही ‘फॉर्म ४१४’ म्हणून ओळखली जाते. आमच्या क्लबांच्या वह्या तिच्याच वळणाच्या. दिवसाचं उड्डाण काळ्या किंवा निळ्या शाईत, रात्रीचं लाल शाईत, हीसुद्धा तिथलीच रीत. पान उघडल्यावर लाल ओळी किती आहेत यावरून इन्स्ट्रक्टर पोराची पारख करायचे. १९३४ मध्ये भारताचा विमान कायदा झाला, १९३७ मध्ये त्याचे नियम आले, आणि पुढे त्या नियमांत ६७-ए हा नियम वैमानिकाच्या वैयक्तिक लॉगबुकाला मिळाला. नोंद शाईने करायची, शेवटच्या नोंदीनंतर वही निदान पाच वर्षं सांभाळायची, शिकताना केलेल्या उड्डाणांवर इन्स्ट्रक्टरची सही हवी. ‘शाईने’ हे कायद्यात लिहावं लागलं, यातच सगळं आलं. पेन्सिलीने लिहिणारे भेटले असल्याशिवाय कोणी असा नियम करत नाही.

मुंबईत हे सगळं जुहूपासून सुरू झालं. १९२८ मध्ये तिथे विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब आला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स मिळालं ते याच क्लबात शिकून. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीच्या ड्रिघ रोडवरून पस मॉथ विमानात टपाल घेतलं, सकाळी ६:३५ ला सुटले, अहमदाबादला बैलगाडीतून आलेलं पेट्रोल भरलं आणि दुपारी १:५० ला जुहूला उतरले. वर्तमानपत्राच्या हिशोबाने हा सव्वासात तासांचा प्रवास. लॉगबुकात मात्र याच्या दोन ओळी होतात, कराची–अहमदाबाद आणि अहमदाबाद–मुंबई, आणि बैलगाडीपाशी गेलेला वेळ कुठल्याच ओळीत धरत नाहीत. प्रवाशाचा वेळ एक आणि वैमानिकाचा वेगळा, हा फरक तेव्हापासून आजच्या सॉफ्टवेअरपर्यंत तसाच आला आहे.

मी जुहूला शिकलो ते पुष्पकवर. बंगळुरूच्या एचएएलमध्ये विष्णू माधव घाटगे यांच्या काळात घडलेलं हे विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचलं. नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, कापड मढवलेले पंख, शेजारी-शेजारी दोन जागा. उन्हाळ्यात दोन धट्टीकट्टी माणसं बसली की वर चढायला कुरकुर करायचं. माझ्या पहिल्या लॉगबुकाचं एक पान इथे डोळ्यापुढे आणतो. पहिल्या रकान्यात तारीख, मग विमानाचा प्रकार, मग नोंदणीची अक्षरं, मग ‘कॅप्टन’. त्या रकान्यात ओळीमागून ओळ इन्स्ट्रक्टरचं आडनाव. पुढे ‘सेकंड पायलट ऑर पुपिल’ या रकान्यात ‘सेल्फ’. शेऱ्यात ‘एक्सरसाइज १२, १३’, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चकरा, सर्किट अँड लँडिंग. मग एका ओळीत शेरा ‘एक्सरसाइज १४’, आणि ‘सेल्फ’ हा शब्द डावीकडे सरकून कॅप्टनच्या रकान्यात आलेला. त्या ओळीतला वेळ दहा मिनिटांचा. पायलटच्या आयुष्यातला पहिला सोलो वहीत एवढीच जागा घेतो. पानाच्या तळाशी बेरीज, तिच्याखाली ‘सर्टिफाइड करेक्ट’ आणि चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरची सही.

ती दहा मिनिटं कोणाच्या घड्याळातली? घड्याळं दोन होती, एक ड्यूटी रूमच्या भिंतीवरचं आणि एक इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरचं. दोन्ही क्वचितच जुळायची. निकाल लावायचं ते ऑथोरायझेशन बुक. विमानाला हात लावण्याआधी त्यात उड्डाणाचं काम लिहून सही घ्यायची, परत आल्यावर वेळ भरायचा. तोच वेळ विमानाच्या जर्नी लॉगमध्ये जायचा, तिथून इंजिनाच्या लॉगबुकात, आणि शेवटी माझ्या वहीत. टॉवरकडे त्यांची वेगळी नोंद असायची आणि स्टोअरमध्ये पेट्रोलची पावती. एक उड्डाण पाच ठिकाणी लिहिलं जायचं. कारकुनी म्हणून आम्ही वैतागायचो, पण या पाच नोंदी एकमेकींच्या साक्षीदार होत्या.

साक्षीदार लागायचे कारण तासांना भाव होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं पी-५१ मस्टँग हे लढाऊ विमान गाजलं, आणि १९४१ मध्ये पार्कर कंपनीचं ‘५१’ हे फाउंटन पेन बाजारात आलं. वैमानिकांनी दोन्ही एकत्र करून म्हण काढली: अमक्याचे तास पी-५१ वरचे आहेत, म्हणजे पेनाने उडवलेले. आपल्याकडे ‘पार्करचे तास’ म्हटलं की अजून जुन्या पायलटांच्या चेहऱ्यावर हसू येतं. हसू पुरतं उतरलं ते २०११ मध्ये. त्या वर्षी बनावट गुणपत्रिका देऊन लायसन्स मिळवल्याची प्रकरणं देशभर गाजली, आणि राजस्थानात न केलेल्या उड्डाणांचे तास दाखवल्यावरून अटकाही झाल्या. ज्या विमानाचं नाव नोंदीत आहे ते त्या दिवशी जमिनीवरून हललंच नव्हतं, असं कागद जुळवले की उघड होतं.

मी पुढे इन्स्ट्रक्टर झालो तेव्हा असं एक पान माझ्याकडेही आलं. दुसऱ्या एका क्लबातून आलेला मुलगा, वही देखणी, अक्षर मोत्यासारखं, बेरजा चोख. एका आठवड्यात त्याने एकाच विमानावर रोज क्रॉस कंट्री, म्हणजे दुसऱ्या गावापर्यंतचं उड्डाण, केली होती. त्या विमानाचं इंजिन त्या आठवड्यात उतरवून ठेवलेलं होतं, हे त्याच्याच क्लबाच्या इंजिन लॉगबुकात होतं. आज त्याच्याकडे सॉफ्टवेअर असतं तर त्याने त्या खोट्या उड्डाणांचा रात्रीचा वेळ मिनिटाला मिनिट अचूक काढून दिला असता आणि बेरीजही बिनचूक केली असती. आपोआप भरलेला रकाना उरलेल्या रकान्यांशी जुळतो, इतकंच. उड्डाण झालं होतं का, हे विचारायला दुसऱ्या वहीकडेच जावं लागतं.

तास आधी कमी पडायचे म्हणून फुगवले जायचे. पुढे भांडण उलट्या बाजूनेही आलं, आणि त्याला कारण पगार. अमेरिकेत टपालाच्या दिवसांपासून पायलटांचा मोबदला अंतरावर आणि तासांवर होता. १९३१ मध्ये तिथे एअरलाइन पायलटांची संघटना उभी राहिली. १९३४ मध्ये तिथल्या नॅशनल लेबर बोर्डाने ‘डिसिजन ८३’ या नावाने प्रसिद्ध असलेला निवाडा दिला. त्यात पगाराचा मूळ भाग, ताशी भाग आणि मैलांचा भाग अशी सांगड घातली आणि महिन्याला ८५ तासांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे एकाच आकड्याला वरून आणि खालून दोन्हीकडून ओढ लागली. जास्त तास म्हणजे जास्त पैसा, आणि जास्त तास म्हणजे नियमभंगही. भारतातही आज वर्षाला हजार तासांच्या वर उडता येत नाही. लॉगबुक हे कर्तबगारीचं प्रमाणपत्र होतंच, आता ते थकव्याचं मोजमापही झालं.

पैसा आला की ‘तास’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवावं लागतं. आंतरराष्ट्रीय व्याख्या अशी: उड्डाणाच्या हेतूने विमान पहिल्यांदा हलतं तिथपासून, उड्डाण संपवून ते अखेरचं थांबतं तिथपर्यंत. चाकांखालचे लाकडी ठोकळे काढले तिथपासून पुन्हा लावले तिथपर्यंत. आमच्या भाषेत चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन. मुंबईत पावसाळी संध्याकाळी धावपट्टीसाठी अर्धा तास रांगेत उभं राहिलं तर तो अर्धा तासही उड्डाणाचाच. इंजिनाला मात्र हा हिशोब मान्य नाही. विमानाच्या देखभालीसाठी चाकं जमिनीवरून सुटली तिथपासून टेकली तिथपर्यंतचाच वेळ धरतात. फोकर फ्रेंडशिपवर असताना चारही वेळा आम्ही हाताने लिहायचो. को-पायलटने घड्याळाकडे पाहून आकडा सांगायचा, कॅप्टनने तो मान्य करायचा. मिनिटं दोन-तीनने इकडेतिकडे व्हायची आणि नेहमी एकाच दिशेला व्हायची.

या दोन-तीन मिनिटांवर अमेरिकेत तोडगा निघाला तो १९७८ मध्ये. एरिंक या कंपनीने एकार्स नावाची यंत्रणा आणली. तिचं पहिलं महत्त्वाचं काम होतं विमानातून चार वेळा आपोआप जमिनीवर कळवणं: आउट, ऑफ, ऑन, इन. पार्किंग ब्रेक सुटला आणि दारं मिटली की आउट. चाकांच्या दांड्यावरचा भार गेला की ऑफ. भार परत आला की ऑन. ब्रेक लागला आणि दार उघडलं की इन. वेळ आता पायलटचाही नाही आणि कंपनीचाही नाही, ब्रेकच्या आणि दाराच्या स्विचचा. पगाराच्या हिशोबात दोघांनाही तो मान्य करावा लागला.

आजच्या लॉगबुक सॉफ्टवेअरमधला आपोआप भरणारा पहिला रकाना इथून आला. आणि माझं म्हणणं सांगायची जागाही हीच. हा रकाना यंत्राच्या हाती जाऊ शकला कारण त्याचं भांडण आधी मिटलं होतं. व्याख्या ठरली, चार क्षण ठरले, मग त्यावर स्विच बसवता आला. ज्या रकान्याचं भांडण मिटलं नाही तिथे सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी ते फक्त कुणाची तरी बाजू घेतं, आणि ती कोणाची हे सेटिंग्जच्या पानावर ठरतं.

रात्रीचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकाअखेर लॉगबुक प्रोसारखे प्रोग्राम आले, पुढे लॉगटेन, एमसीसी पायलटलॉग आणि फोरफ्लाइट. यांना निघण्याचं आणि उतरण्याचं ठिकाण आणि वेळ दिली की वाटेत सूर्य कुठे होता हे ते अक्षांश-रेखांशावरून काढतात आणि रात्रीची मिनिटं भरून टाकतात. हिशोब निर्दोष. पण रात्र म्हणजे काय? आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे सूर्याचा मध्य क्षितिजाखाली सहा अंश गेला की रात्र. भारतात दृश्य उड्डाणाची मुदत संपते सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी. मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्तापासून सहा अंशांपर्यंत जायला बावीस-चोवीस मिनिटं लागतात, म्हणून हे दोन्ही नियम एकमेकांच्या जवळ बसतात. लंडनला जूनमध्ये याच संधिप्रकाशाला पाऊण तास लागतो. अमेरिकेत तर तीन रात्री आहेत: दिवे लावण्याची सूर्यास्ताला सुरू होते, लॉगबुकात लिहिण्याची संधिप्रकाश संपल्यावर, आणि रात्री प्रवासी नेण्यासाठी जी लँडिंग मोजतात त्यांची सूर्यास्तानंतर तासाने. फ्लोरिडात शिकून आलेल्या मुलाच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेची रात्र बसवलेली असते. तो मुंबईला आला तरी त्याचं लँडिंग तासाभराने काळोखात जातं. खटका चालू ठेवायला हरकत नाही, पण त्याखालची बारीक ओळ उघडून कोणत्या देशाची रात्र निवडली आहे ते पाहायला हवं.

त्याच मुलाचं दुसरं दुखणं दशांशाचं. अमेरिकन लॉगबुकात तासाचे दहा भाग करतात, एक भाग सहा मिनिटांचा. एक तास पंचेचाळीस मिनिटं म्हणजे १.७५, लिहिताना १.८. आपल्याकडे तास आणि मिनिटं लिहायची पद्धत. १.८ परत उलटवलं की एक तास अठ्ठेचाळीस होतात. प्रत्येक उड्डाणात तीन मिनिटं फुकट मिळाली की दोनशे तासांच्या शेवटी बेरीज अर्जात बसत नाही. मूळ वेळ तास-मिनिटांत साठवायची आणि दशांश फक्त दाखवण्यापुरता ठेवायचा, असं सॉफ्टवेअरला आधीच सांगून ठेवावं.

घड्याळाचा घोळ याहून जुना. मुंबईने स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेनंतरही कितीतरी वर्षं सोडली नाही. ती ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. युद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, देशाची घड्याळं आणखी तासभर पुढे होती, ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. त्या काळातलं आजोबांचं लॉगबुक कोणी आज सॉफ्टवेअरमध्ये भरायला घेतलं आणि ‘साडेपाच तास वजा करा’ असं सांगितलं, तर सगळी ओळ तासाने सरकते. आजचा घोळ तारखेचा आहे. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, छापलेलं असतं भारतीय वेळेत, लॉगबुक भरायचं ग्रीनिचच्या. पाच तारखेला पहाटे अडीचला मुंबईहून निघालेलं विमान वहीत चार तारखेला रात्री नऊला निघतं. रोस्टर आपोआप ओढून घेण्याचा खटका आणि हाताने भरलेली ओळ, दोन्ही ठेवली की एकच उड्डाण दोन तारखांना दोनदा दिसतं. तपासणाऱ्या माणसाला ते पार्करचं उड्डाण वाटलं तर त्याचा दोष नाही.

विमानतळांची नावं हीसुद्धा इतिहासाचीच गोष्ट. २००८ मध्ये बंगळुरूचा नवा विमानतळ देवनहळ्ळीला सुरू झाला आणि बीएलआर हा तीन अक्षरांचा संकेत शहरातल्या एचएएल विमानतळावरून उठून तिकडे गेला. त्याच वर्षी हैदराबादचा एचवायडी बेगमपेठहून शमशाबादला गेला. माझ्या १९९० च्या दशकातल्या ओळी सॉफ्टवेअरमध्ये भरताना मी ‘बीएलआर’ लिहिलं की ते मला निमूटपणे देवनहळ्ळीला उतरवतं, तेव्हा तिथे धावपट्टी नव्हती तरी. चार अक्षरांचे संकेत वापरले तर हे होत नाही: एचएएल व्हीओबीजी आहे, नवा व्हीओबीएल. गोव्यात मोपा सुरू झाल्यावर दाभोळीचा जीओआय जागेवर राहिला आणि मोप्याला जीओएक्स मिळाला, म्हणून तिथल्या जुन्या नोंदी बचावल्या. जीपीएसवरून विमानतळ ओळखण्याचा खटकाही जपूनच ठेवावा. जुहू आणि सांताक्रूझ इतके शेजारी आहेत की २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि टोकापलीकडे गेलं. प्रशिक्षित माणसं जिथे फसली तिथे खिशातला फोन फसला तर नवल नाही.

इथवरचे रकाने नीट बसवले तर यंत्राच्या हवाली करता येतात. उरतात तीन, आणि ते मी भाचीला बंद ठेवायला सांगितले.

पहिला लँडिंगचा. प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत. सॉफ्टवेअर दर ओळीला एक-एक धरतं. कॉकपिटमध्ये दोघं असतात आणि विमान एकच उतरवतो. खटका चालू असला तर एकाच विमानाचं लँडिंग दोन वह्यांत दोघांच्या नावावर चढतं.

दुसरा हुद्द्याचा. कॅप्टनच्या नजरेखाली को-पायलटने कमांडरचं काम केलं तर तो वेळ ‘पी-वन अंडर सुपरव्हिजन’ म्हणून लिहितात आणि त्यावर त्या कॅप्टनची सही लागते. कमांडकडे जाणाऱ्या मुलांना हे तास सोन्यासारखे. विमान कोण हाताळत होतं हे यंत्र सांगेल. निर्णय कोण घेत होतं हे त्या दोघांनाच ठाऊक. २०२१ पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ईजीसीए या व्यवस्थेत वहीच ऑनलाइन झाली आहे, आणि शाईच्या सहीऐवजी मंजुरीचं बटण आलं. बटण दाबणारा माणूस अजून लागतोच.

तिसरा इन्स्ट्रुमेंटचा. बाहेरचं काही न दिसता, फक्त समोरच्या उपकरणांवर पाहून केलेलं उड्डाण. युरोपात उड्डाणाचा नियम कोणता होता त्यावर एक रकाना आहे, म्हणजे एअरलाइनच्या पायलटचा जवळजवळ सगळा वेळ त्यात जातो. अमेरिकेत ढगात होतात का, हे विचारतात. आपल्याकडे ‘अ‍ॅक्च्युअल’ आणि ‘सिम्युलेटेड’ असे दोन रकाने, आणि ‘अ‍ॅक्च्युअल’मध्ये किती लिहायचं यावर दोन कॅप्टनांचं एकमत होईल तर शपथ. सॉफ्टवेअर यावर तोडगा म्हणून टक्केवारी मागतं: एकूण वेळेच्या दहा, वीस, किती हवे तितके. जुलैत कोकणावरून गोव्याला जाताना पूर्ण वेळ ढग असतो आणि जानेवारीत त्याच वाटेवर सह्याद्रीचा कडा न् कडा मोजता येतो. दोन्ही ओळींना वीस टक्के लावले की दोन्ही खोट्या.

हा रकानाही उद्या आपोआप भरेल, यात मला शंका नाही. पण त्याआधी निरनिराळ्या देशांतल्या खात्यांना एका टेबलाशी बसून ‘न दिसणं’ म्हणजे काय हे ठरवावं लागेल, जसं १९१९ मध्ये वह्यांचं ठरलं आणि पुढे चॉक्सचं. ते ठरलं की स्विच बसवायला वेळ लागणार नाही. तोवर ढगात किती मिनिटं होतो, हे उतरल्याबरोबर, आठवण ताजी असताना, पायलटने स्वतःच लिहायचं आहे.